सी भाषेत बहुबाइट स्ट्रिंगवर पॉइंटर कसा चालवावा

सीमध्ये कॅर प्रकारचा पॉइंटर एकाने वाढवला की तो एक बाइट पुढे सरकतो, एक अक्षर नव्हे. मजकूर इंग्रजी असेल तर बाइट आणि अक्षर एकच पडतं, त्यामुळे हा फरक कित्येक वर्षं झाकलेला राहतो. ‘मराठी’ हा शब्द स्ट्रलेनला, म्हणजे स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या फंक्शनला, दिला की मात्र उत्तर येतं १५. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, हा शब्द मेमरीत असा बसतो:

म : २२४ १६४ १७४
र : २२४ १६४ १७६
ा : २२४ १६४ १९०
ठ : २२४ १६४ १६०
ी : २२४ १६५ १२८

बाइट १५, कोडपॉइंट (यूनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिलेली चिन्हं) ५ आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरं ३. तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त त्यांची कामं वेगळी. मेमरी मागताना बाइट मोजायचे, अक्षराचा प्रकार तपासताना कोडपॉइंट, कर्सर हलवताना दिसणारी अक्षरं. बहुतेक गोंधळ एका कामात दुसऱ्याचा आकडा वापरल्याने होतो.

इथे फंक्शनांची आणि चलांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत आणि बाइटच्या किमती दशमान पद्धतीत. सोळामान पद्धतीत विचार करायची सवय असेल तर तीन किमती लक्षात ठेवल्या की पुरे: १२८ म्हणजे फक्त सर्वांत वरचा बिट, १९२ म्हणजे वरचे दोन, ६३ म्हणजे खालचे सहा.

आधी एन्कोडिंग ठरवा

पॉइंटर कसा सरकवायचा हे पूर्णपणे एन्कोडिंगवर अवलंबून आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली यूटीएफ-८ ची रचना केली. त्यात एक गोष्ट हेतुपुरस्सर साधलेली आहे: कोणताही एक बाइट पाहून तो अक्षराच्या सुरुवातीचा आहे की मधला, हे सांगता येतं.

० ते १२७ : एकट्या बाइटचं अक्षर
१२८ ते १९१ : अक्षराच्या मधला किंवा शेवटचा बाइट
१९४ ते २२३ : दोन बाइटच्या अक्षराची सुरुवात
२२४ ते २३९ : तीन बाइटची सुरुवात
२४० ते २४४ : चार बाइटची सुरुवात

१९२, १९३ आणि २४५ ते २५५ या किमती वैध यूटीएफ-८ मध्ये कुठेच येत नाहीत. संपूर्ण देवनागरी विभाग तीन बाइटमध्ये बसतो. पहिला बाइट नेहमी २२४, दुसरा १६४ किंवा १६५. डंप वाचताना हे दोन आकडे डोळ्यांत बसवून ठेवले की तुटलेलं अक्षर लगेच दिसतं.

जपानी शिफ्ट-जिस किंवा चिनी जीबी १८०३० या एन्कोडिंगांत अशी सोय नाही, त्यांच्याकडे शेवटी येऊ. निवड हातात असेल तर प्रोग्रॅमच्या आत यूटीएफ-८ च ठेवा आणि बाकी सगळं आत येतानाच रूपांतरित करा.

पुढे जाणं

एकटा पॉइंटर कधी चालवू नका. सोबत आरंभ आणि अंत हे दोन पॉइंटर ठेवा. अंत हा शेवटच्या बाइटच्या एक पुढचा. पुढे जाताना अंत लागतो आणि मागे येताना आरंभ. फक्त नल बाइटवर (स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शून्यावर) विसंबून लिहिलेला कोड नेटवर्कवरून आलेल्या किंवा फाइलमधून तुकड्यांनी वाचलेल्या मजकुरावर चालत नाही, कारण तिथे नल असतोच असं नाही.

प हा आपला चालता पॉइंटर धरला तर एक कोडपॉइंट पुढे जाण्यासाठी एवढंच पुरतं:

प++;
व्हाइल (प < अंत && (*प & १९२) == १२८) प++;

एक बाइट ओलांडा आणि मधले बाइट संपेपर्यंत सरकत राहा. सुरुवातीला प < अंत आहे याची खात्री हे चालवणाऱ्याने करायची.

दुसरी पद्धत जास्त वेळा दिसते: पहिल्या बाइटवरून लांबी काढायची आणि तेवढी उडी मारायची. ती जलद आहे, पण स्ट्रिंग वैध असेल तरच सुरक्षित. समजा शेवटचं अक्षर अर्धवट कापलं गेलं आणि मेमरीत २२४, १६४, ० एवढंच उरलं. लांबीचा तक्ता ३ सांगतो, पॉइंटर नल बाइट ओलांडतो आणि लूप पुढच्या परक्या मेमरीत घुसतो. वरच्या दोन ओळींत हे घडत नाही, कारण शून्याचे वरचे दोन बिट १० नसतात; लूप नलपाशी आपोआप थांबतो. जीलिब या लायब्ररीचं जी_यूटीएफ८_नेक्स्ट_कॅर हे मॅक्रो लांबीच्या तक्त्यावरच चालतं, म्हणून त्याला आधी तपासलेली स्ट्रिंगच द्यावी.

कंस विसरू नका. *प & १९२ == १२८ असं लिहिलं तर सी आधी १९२ == १२८ तपासतं, त्याचं उत्तर शून्य, आणि कशाशीही शून्याचा अँड शून्यच. अट कधीच खरी होत नाही, पॉइंटर बाइटबाइटने चालतो, आणि इंग्रजी मजकुरावरच्या चाचण्या सगळ्या पास होतात. कंपायलरच्या सूचना चालू असतील तर तो इथे सहसा टोकतो, पण त्या वाचणारं कुणी हवं.

कॅरचं चिन्ह

कॅर चिन्हसहित आहे की चिन्हरहित, हे सीचं मानक ठरवत नाही. एक्स८६ वर तो सहसा चिन्हसहित असतो, एआरएमवरच्या लिनक्समध्ये चिन्हरहित. चिन्हसहित असताना २२४ हा बाइट -३२ म्हणून वाचला जातो. परिणाम असे: *प >= १२८ ही अट कधीच खरी ठरत नाही; तक्ता[*प] हे तक्त्याच्या आधीची मेमरी वाचतं; आणि इझअल्फा किंवा टूअपरला ऋण किंमत दिली तर वर्तन अनिर्धारित होतं. उलट *प < -६४ ही मधला बाइट ओळखायची चलाख अट चिन्हरहित मशीनवर कधीच लागू पडत नाही.

अँड वापरणारी वरची अट दोन्हीकडे चालते. तरीही बाइट तपासणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या पहिल्याच ओळीत पॉइंटर अनसाइन्ड कॅरचा करून घ्यावा आणि पुढे तोच वापरावा. प्रत्येक तुलनेत वेगळा कास्ट लिहायला गेलं की एक कुठेतरी राहतोच.

कोडपॉइंटची किंमत काढणं आणि तपासणं

तीन बाइटच्या अक्षराची किंमत अशी निघते:

((ब० & १५) << १२) | ((ब१ & ६३) << ६) | (ब२ & ६३)

‘म’ घ्या: २२४ & १५ = ०, १६४ & ६३ = ३६, १७४ & ६३ = ४६. म्हणून ३६ × ६४ + ४६ = २३५०, हाच ‘म’चा यूनिकोड क्रमांक. दोन बाइटसाठी पहिल्या बाइटला ३१ चा मुखवटा, चार बाइटसाठी ७ चा.

बिट जुळले म्हणजे अक्षर वैध, असं मात्र नाही. दुसऱ्या बाइटवर चार खास बंधनं आहेत: पहिला २२४ असेल तर दुसरा १६० ते १९१, २३७ असेल तर १२८ ते १५९, २४० असेल तर १४४ ते १९१, २४४ असेल तर १२८ ते १४३. पहिल्या आणि तिसऱ्या बंधनामुळे विनाकारण लांबवलेली रूपं अडतात, दुसऱ्यामुळे सरोगेट (यूटीएफ-१६ साठी राखलेले क्रमांक) आणि चौथ्यामुळे यूनिकोडच्या मर्यादेबाहेरचे क्रमांक.

ही काटेकोरपणाची हौस नव्हे. तिरकी रेघ हे चिन्ह एका बाइटचं, क्रमांक ४७. ते १९२, १७५ अशा दोन बाइटमध्ये लांबवून लिहिलं तर ढिला डीकोडर त्यातूनही ४७ च काढतो. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमध्ये नेमकी हीच फट सापडली: पत्त्याची सुरक्षा-तपासणी आधी व्हायची आणि डीकोडिंग नंतर, त्यामुळे वरच्या फोल्डरमध्ये चढण्यावरची बंदी चुकवता येत असे. तेव्हा मजकूर आत येताच एकदा पूर्ण तपासा आणि त्यानंतर वेगवान, निर्धास्त पद्धतीने चाला. तपासणी प्रत्येक पावलावर नको, पण उंबरठ्यावर हवीच.

मागे येणं

यूटीएफ-८ मध्ये मागे येणंही सोपं आहे:

व्हाइल (प > आरंभ) {
    प--;
    इफ ((*प & १९२) != १२८) ब्रेक;
}

प > आरंभ ही तपासणी आधी आणि वजाबाकी नंतर, हा क्रम बदलू नका. ॲरेच्या सुरुवातीच्याही मागचा पत्ता नुसता तयार करणं हेसुद्धा सीमध्ये अनिर्धारित वर्तन आहे, तो वाचला नाही तरी. वैध मजकुरात हे लूप जास्तीत जास्त चार वेळा फिरतं. परका मजकूर असेल तर चार फेऱ्यांची मर्यादा स्वतःहून घाला. नाहीतर नुसत्या १२८ च्या बाइटांनी भरलेली लांबलचक स्ट्रिंग देऊन कुणीही प्रोग्रॅम मंदावू शकतो.

याच युक्तीने स्ट्रिंग नीट कापता येते. २० बाइटच्या बफरमध्ये एसएनप्रिंटएफने देवनागरी मजकूर भरला तर १९ बाइट आणि नल बसतो. तीन-तीनाच्या सहा चौकटींत १८ बाइट गेले, एकोणिसावा २२४ एकटा उरला. पडद्यावर शेवटी दिसणारा प्रश्नचिन्हाचा चौकोन तो हाच. उपाय: मूळ स्ट्रिंग मर्यादेपेक्षा लांब असेल तर मूळ[मर्यादा] हा बाइट पाहा, म्हणजे कापल्यावर बाहेर राहणारा पहिला. तो मधला बाइट असेल तर मर्यादा एकेकाने कमी करत जा, आणि सुरुवातीचा बाइट लागला की तिथे कापा. कापलेल्या तुकड्याचा शेवटचा बाइट पाहून निर्णय घेऊ नका. तो मधला असणं पूर्ण अक्षरातही अगदी सामान्य आहे.

प्रिंटएफमध्ये %.५ अशी अचूकता दिली तर ती बाइटांची असते, आणि रुंदीही बाइटांचीच. देवनागरी रकाने वाकडेतिकडे छापले जातात त्याचं एक कारण हे.

मानक लायब्ररीची वाट

एन्कोडिंग वापरणाऱ्याच्या सिस्टिमवर सोडायचं असेल तर एमबीआरलेन (पुढचं अक्षर किती बाइटचं ते सांगणारं) आणि एमबीआरटूडब्ल्यूसी (त्याची किंमतही काढून देणारं) ही फंक्शनं वापरा. १९९५ च्या दुरुस्तीतून ती सीच्या मानकात आली. त्याआधीची एमबीलेन आणि एमबीटूडब्ल्यूसी आपली स्थिती आतल्या आत लपवतात. नव्या कोडमध्ये ती नकोत.

पहिलं पाऊल म्हणजे मेनच्या सुरुवातीला सेटलोकेलला एलसी_सीटाइप आणि रिकामी स्ट्रिंग देणं. लोकेल म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगची मांडणी; हे केलं नाही तर प्रोग्रॅम मूळच्या ‘सी’ लोकेलमध्येच राहतो आणि देवनागरी बाइट ओळखले जात नाहीत. विंडोजवर यूटीएफ-८ चं लोकेल विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून मागता येतं.

मग अर्धवट आलेल्या अक्षराची आठवण ठेवणारं स्थितीचं चल, एमबीस्टेट_टी प्रकारचं. ते मेमसेटने शून्य करा. न भरलेलं चल दिलं तर निकाल सांगता येत नाही. स्थितीच्या जागी नल पॉइंटर दिला तर फंक्शन स्वतःचं सामायिक चल वापरतं आणि थ्रेड एकमेकांच्या पायात येतात.

व्हाइल (प < अंत) {
    न = एमबीआरलेन(प, अंत - प, &स्थिती);
    इफ (न == (साइझ_टी)-२) ब्रेक;
    इफ (न == (साइझ_टी)-१) {
        मेमसेट(&स्थिती, ०, साइझऑफ स्थिती);
        न = १;
    }
    इफ (न == ०) न = १;
    प += न;
}

-१ म्हणजे बाइट अवैध. त्यानंतर स्थिती भरवशाची राहत नाही, म्हणून ती पुसून एक बाइट पुढे जायचं. जागा भरायची असेल तर २३९ १९१ १८९ हे बदली चिन्ह लिहा. -२ म्हणजे अक्षर अजून पूर्ण आलेलं नाही. ० म्हणजे नल बाइट; नलने संपणाऱ्या स्ट्रिंगमध्ये तिथे लूप थांबवा, मोजलेल्या बफरमध्ये वरीलप्रमाणे एक पाऊल टाका.

साइझ_टी चिन्हरहित असल्यामुळे न < ० ही तपासणी कधीच खरी होत नाही. ती लिहून निर्धास्त झालेल्या कोडमध्ये प += न या ओळीला सर्वांत मोठी संख्या मिळते, पत्ता गुंडाळला जातो आणि प्रत्यक्षात पॉइंटर एक बाइट मागे येतो. प्रोग्रॅम कोसळत नाही, त्याच दोन बाइटांवर अखंड फिरत राहतो. सीपीयू शंभर टक्के आणि आउटपुट काहीच नाही, असं दिसलं की आधी इथे पाहा.

तुकड्यांनी वाचताना

फाइल ४०९६ बाइटच्या तुकड्यांत वाचली तर देवनागरी अक्षर सीमेवर तुटणारच. ४०९६ ला तीनने पूर्ण भाग जात नाही. यावर दोन उपाय आहेत आणि ते एकत्र करायचे नसतात.

एक: -२ आल्यावर उरलेले बाइट स्थितीच्या चलात साठले गेलेले असतात. तीच स्थिती कायम ठेवून पुढच्या तुकड्याच्या पहिल्या बाइटपासून सुरुवात करा. एमबीआरलेन मग फक्त नव्या तुकड्यातले लागलेले बाइट परत सांगतं. दोन: उरलेले बाइट मेममूव्हने बफरच्या सुरुवातीला आणा, त्यांच्यामागे नवा तुकडा वाचा आणि स्थिती शून्य करून पुन्हा सुरू करा. बाइट हलवले पण स्थिती पुसली नाही तर तेच बाइट दोनदा मोजले जातात आणि प्रत्येक सीमेवर एक अक्षर बिघडतं. अक्षराचे सगळे बाइट सलग हवे असतील, उदाहरणार्थ ते जसेच्या तसे पुढे लिहायचे असतील, तर दुसरा उपाय बरा. फाइल संपल्यावर पहिल्या उपायात एमबीएसइनिट विचारा: त्याने ० दिलं तर शेवटचं अक्षर अर्धवटच राहिलं आहे.

शोधणं आणि तोडणं

मजकूर दंडावर तोडायचा म्हणून स्ट्रटोकला ‘।’ दिला तर सगळ्या मजकुराचा भुगा होतो. स्ट्रटोक, स्ट्रपीबीआरके, स्ट्रसीस्पॅन ही मंडळी दुसऱ्या स्ट्रिंगकडे बाइटांचा संच म्हणून पाहतात. दंडाचे बाइट २२४, १६५, १६४. आणि २२४ तर प्रत्येक देवनागरी अक्षरात आहे. स्ट्रसीएचआरही एकच बाइट शोधतं. अख्खी स्ट्रिंग सलग शोधणारं स्ट्रस्ट्र वापरा. वैध यूटीएफ-८ मध्ये एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या मधोमध कधीच जुळत नाहीत, त्यामुळे मिळालेला पत्ता अक्षराच्या सीमेवरच असतो. पुढचा शोध सापडलेला पत्ता + ३ पासून.

शिफ्ट-जिस: जिथे मागे वळणं अवघड

शिफ्ट-जिसमध्ये पहिला बाइट १२९ ते १५९ किंवा २२४ ते २५२ असतो, पण दुसरा ६४ पासून पुढे जवळजवळ काहीही असू शकतो, अगदी ९२ म्हणजे उलटी तिरकी रेघसुद्धा. जपानी काताकाना लिपीतला ‘सो’ म्हणजे १३१, ९२. विंडोजवरच्या फाइलपथात ही रेघ स्ट्रआरसीएचआरने शोधली तर पथ अक्षराच्या मधोमध तुटतो. इथे पुढे जाताना पहिला बाइट पाहून एक किंवा दोनची उडी घ्यावी लागते, आणि दुसरा बाइट नल नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावं लागतं.

मागे यायला नुसता आधीचा बाइट पुरत नाही. प सीमेवर आहे असं धरून प - २ पासून मागे, पहिल्या बाइटच्या टप्प्यात बसणारे सलग बाइट मोजा, आरंभापाशी थांबा. संख्या विषम आली तर आधीचं अक्षर दोन बाइटचं, सम आली तर एकाचं. कारण असं की टप्प्याबाहेरचा बाइट नेहमी एखाद्या अक्षराचा शेवट असतो, म्हणून त्याच्यापुढून जोड्या लावता येतात. विंडोजवर हे काम कॅरप्रीव्ह हे फंक्शन करतं. ते आरंभाचा पत्ता मागतं तो याचसाठी. जीबी १८०३० मध्ये चार बाइटची अक्षरंही असतात आणि त्यांत दुसरा व चौथा बाइट चक्क ४८ ते ५७, म्हणजे इंग्रजी अंकांचे. तिथे सुरुवातीपासून चालणंच बरं.

दिसणाऱ्या अक्षराप्रमाणे चालणं

‘नमस्ते’मध्ये कोडपॉइंट सहा, बाइट अठरा. बॅकस्पेस किंवा बाणाच्या कळीसाठी कोडपॉइंट कामाचे नाहीत. वेलांटी एकीकडे आणि तिचं व्यंजन दुसरीकडे होऊन बसतं. फक्त देवनागरी सांभाळायची असेल तर कोडपॉइंटच्या पावलावर हा नियम चढवा: पुढचा कोडपॉइंट २३०४–२३०७, २३६२–२३६४, २३६६–२३८३, २३८५–२३९१, २४०२–२४०३ यांत असेल किंवा ८२०४, ८२०५ हे अदृश्य जोडक असतील तर तो आधीच्याच अक्षरात घ्या. आतापर्यंतच्या गटात शेवटच्या व्यंजनानंतर २३८१ म्हणजे हलन्त येऊन गेला असेल आणि पुढे व्यंजन असेल, तर तेही त्याच गटात. हलन्तानंतर ८२०४ आला तर मात्र जोड मुद्दाम तोडलेली असते, तिथे थांबा. या नियमाने ‘नमस्ते’चे न, म, स्ते असे तीन गट पडतात. यूनिकोडच्या प्रमाण नियमांत जोडाक्षर एकसंध धरणं २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून आलं. त्याआधीच्या लायब्ररी स् आणि ते वेगळे मोजतात, म्हणून दोन मशीनवर दोन उत्तरं आली तर आवृत्त्या पाहा. इमोजी आणि इतर लिप्याही हव्या असतील तर हाताने नियम लिहीत बसू नका, आयसीयू किंवा लिबयूनिस्ट्रिंग या तयार लायब्ररींपैकी एक घ्या.

तपासायच्या स्ट्रिंग

रिकामी स्ट्रिंग, नुसती इंग्रजी, ‘मराठी’, चार बाइटची इमोजी २४० १५९ १५२ १२८, एकटा १२८, लांबवलेलं १९२ १७५, सरोगेट २३७ १६० १२८, सुरुवातीला २३९ १८७ १९१ ही बॉम खूण असलेला मजकूर. शिवाय प्रत्येक वैध स्ट्रिंग प्रत्येक बाइटवर कापून पाहा: १५ बाइटच्या ‘मराठी’साठी ० ते १५ अशा सोळा लांब्या. प्रत्येक तुकडा नेमक्या तेवढ्याच आकाराच्या मॅलॉक केलेल्या बफरमध्ये ठेवा, नलची जादा जागा देऊ नका, आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीबाहेरचं वाचन पकडणारी कंपायलरची सोय) चालू ठेवून कंपाइल करा. एक बाइट पुढे वाचला तरी तो ओरडतो. वैध स्ट्रिंगवर पुढे जाताना मिळालेल्या सीमा एका ॲरेत नोंदवा आणि शेवटाकडून मागे येताना त्याच सीमा उलट क्रमाने मिळतात का, ते ॲसर्टने पडताळा.